दुर्बिणीला आता डोळा लावतंय कोण?

मागच्या डिसेंबरातली अमावस्या, नाशिकजवळ हरसूलच्या पुढे ओळखीतल्या एकाच्या शेतात आम्ही सातआठ जण दुर्बिणी मांडून बसलो होतो, थंडी अशी की बोटांना स्क्रू लागत नव्हते, आणि आमच्या सोसायटीतले एक काका पहिल्यांदाच सोबत आले होते. काका रिटायर्ड, पस्तीस वर्षं अंबड एमआयडीसीत टर्नर. मी हौसेने माझ्या आठ इंची दुर्बिणीत देवयानी दीर्घिका लावून दिली. काका वाकले, एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काच पुसून घे रे, डाग पडलाय."

तो डाग म्हणजेच देवयानी. २५ लाख प्रकाशवर्षं लांबची आख्खी दीर्घिका, तिच्यात किती अब्ज तारे, आणि डोळ्याला दिसतो राखाडी बोळा. बाजूला इंजिनिअरिंगचा एक पोरगा स्मार्ट टेलिस्कोप घेऊन आला होता, डब्यासारखं छोटं यंत्र, त्याला आयपीसच नाही, डोळा लावायची सोयच नाही, सगळं मोबाईलवर. त्याने बटण दाबलं, डबा आपोआप फिरला, आणि पंधरा मिनिटांत मोबाईलवर तीच देवयानी, मधला पिवळट गाभा, धुळीचे काळे पट्टे, सगळं. काकांनी एकदा मोबाईल बघितला, एकदा माझं नळकांडं बघितलं. "मग तू हे कशाला वाहून आणलंस? आणि ते मोठे शास्त्रज्ञ, ते तरी डोळा लावतात का अजून?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं. दुसऱ्याचं सांगायला रात्र पुरली नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी त्या डागाचं. आपला डोळा भारी यंत्र आहे पण त्याला साठवता येत नाही, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात जेवढा उजेड आला तेवढ्याचं चित्र मेंदूला पाठवायचं आणि पुन्हा पाटी कोरी. तुम्ही देवयानीकडे तासभर बघा, पहिल्या मिनिटाला दिसली त्याहून ती उजळ दिसणार नाही (अंधाराला डोळा सरावायला वीसतीस मिनिटं लागतात ते वेगळं, आणि तेवढ्यात कोणी गाडीचा हेडलाईट लावला की सगळं मुसळ केरात). कॅमेऱ्याचं तसं नाही. पावसात पागोळीखाली पातेलं ठेवलं की थेंबथेंब का होईना भरत जातं, तसा सेन्सरवर उजेड साठत जातो. त्या पोराचा डबा दर दहा सेकंदाला एक फोटो काढून एकावर एक रचत होता, बास. त्याची काच माझ्या आरशाच्या पाव रुंदीची, तरी तो जिंकला, कारण त्याच्याकडे पातेलं होतं आणि माझ्याकडे ओंजळ. रंगाचंही तेच, मिणमिणत्या उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून सगळं राखाडी.

आता डोळ्यांनीच काम चालायचं तो काळ लहान नव्हता, उलट आकाश बघायच्या इतिहासाचा बहुतेक भाग तोच. आपल्या शेजारी चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने लावलेला शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत, म्हणजे ११५० मध्ये, यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्या यंत्रांना भिंग नाही, नुसतं कोन मोजायचं काम. डोळ्याच्या कामाचा कळस म्हणजे डेन्मार्कचा टायको ब्राहे. सोळाव्या शतकात त्याने भलीमोठी यंत्रं बनवून ग्रहताऱ्यांच्या जागा इतक्या बारीक मोजल्या की चूक जेमतेम एक कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा तिसावा भाग. त्याचा मदतनीस केप्लर, त्याने त्याच नोंदी घेऊन मंगळाच्या कक्षेचं गणित मांडलं तर आठ कलांचा फरक यायला लागला, आठ म्हणजे चंद्राची पाव रुंदी, दुसरा कोणी असता तर म्हणाला असता जाऊ दे, पण केप्लरचा टायकोच्या मोजणीवर एवढा भरवसा की त्याने वर्तुळच सोडून दिलं आणि लंबवर्तुळ धरलं. काकांना हे लगेच पटलं. मायक्रोमीटरवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालते ते, समजावून सांगावं लागत नाही.

टायको गेला १६०१ मध्ये आणि गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली १६०९ मध्ये, म्हणजे थोडक्यात हुकलं. पण दुर्बीण आली तरी नोंद करणारा डोळाच होता आणि चित्र काढणारा हातच, दोन जणांनी एकच तेजोमेघ बघून काढलेली चित्रं शेजारी ठेवली तर ती एकाच वस्तूची आहेत यावर विश्वास बसत नाही. हे पुढची अडीचशे वर्षं चाललं.

खरी उलथापालथ झाली काचेमुळे. भिंगाची नव्हे, फोटोची काच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरड्या फोटोग्राफिक प्लेटा आल्या, म्हणजे काचेवर चांदीच्या क्षाराचा थर, आणि दुर्बिणीच्या टोकाला डोळ्याऐवजी ती प्लेट बसायला लागली. कॉम्प्युटर आल्यावर माणूस दुर्बिणीपासून लांब गेला असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही, तो लांब गेला तो या काचेमुळे. पुरावा हवा तर हेन्रिएटा लेविट. ही बाई अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत कामाला, तिथे बायकांना प्लेटा तपासायला बसवायचे, पगार तासाला २५-३० सेंट, त्यांना म्हणायचेच कॉम्प्युटर. प्लेटा यायच्या पेरूतल्या आरेक्विपाहून, त्यांच्यावर मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, ज्या हार्वर्डच्या मॅसॅच्युसेट्समधून दिसतच नाहीत (लहान मेघ तर नाशिकहूनही कधी उगवत नाही). लेविटने त्या काचांवरच्या ठिपक्यांमधून उजेड कमीजास्त होणारे तारे शोधले आणि १९१२ मध्ये २५ ताऱ्यांवरून दाखवून दिलं की जो तारा मुळात जास्त तेजस्वी त्याची धडधड सावकाश. म्हणजे धडधड मोजा, तेज कळलं, तेजावरून अंतर. विश्वाची मोजपट्टीच ती. आणि जे आकाश तिने मोजलं ते तिच्या डोक्यावर कधी आलंच नव्हतं! तेव्हा स्क्रीनवर बसून आकाश बघणारे आजचे लोक काही पहिलेच नाहीत.

तीच मोजपट्टी घेऊन एडविन हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर देवयानीची प्लेट घेतली. त्यावर एका ठिपक्याला आधी नवतारा म्हणून खूण केली होती, मग लक्षात आलं की हा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा आहे, तर ती खूण खोडून त्याने लाल शाईत लिहिलं VAR, व्हेरिएबलची पहिली तीन अक्षरं धरून, पुढे उद्गारचिन्ह. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे त्यावरून ठरलं. आमच्या काकांचा डाग तो हाच.

पण डोळ्याची सुटका झाली का? नाही, त्याचं प्रमोशन उलटं झालं. पृथ्वी फिरते, दुर्बीण तिच्यासोबत तारा धरून फिरवायची, मोटर कितीही चांगली असली तरी थोडी घसरते, म्हणून माणूस बाजूच्या छोट्या दुर्बिणीत एक तारा क्रॉसवायरवर, म्हणजे आडव्याउभ्या तारांच्या फुलीवर, धरून बसायचा आणि सरकला की बटण दाबून परत मधे आणायचा. तास, दोन तास, कधी आख्खी रात्र. बघायला काही नाही, फक्त एक ठिपका हलू द्यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीत तर तोंडापाशी एक पिंजरा होता, माणूस त्यातच चढून बसायचा, पार दुर्बिणीच्या पोटात, आणि हीटर लावता येत नाही कारण गरम हवा वर गेली की ताऱ्याचं चित्र डचमळतं, म्हणून वैमानिकांचे विजेवर तापणारे सूट घालून बसायचे. एकदा वर गेलं की खाली येणं सोपं नाही, बाकीच्या अडचणी तुम्हीच समजून घ्या. आणि प्लेटा आधीपासून तयार कराव्या लागायच्या, खास वायूत तासन्‌तास तापवून, म्हणजे मंद उजेड जरा जास्त धरतात, मग अंधारात चाचपडत होल्डरमध्ये बसवायच्या, पहाटे डार्करूममध्ये धुवायच्या, आणि तेव्हा कळायचं की रात्र सार्थकी लागली का पाण्यात गेली.

एवढं करून ती काच किती उजेड धरायची? १०० कण पडले तर एकदोन. बाकीचे वाया. २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला उजेड आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला वाया, मला तर हे ऐकूनच जीवावर येतं.

१९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी काढला, त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. सिलिकॉनच्या चकतीवर बारीक घरांची जाळी, उजेडाचा कण पडला की घरात इलेक्ट्रॉन साठतो, शेवटी ओळीने एकेका घरातला माल मोजून घ्यायचा. हा १०० पैकी ८०-९० कण पकडतो. म्हणजे काय तर त्याच दुर्बिणीला नवीन आरसा न लावता ती एका रात्रीत कितीतरी पट मोठी झाल्यासारखं. वर आकडा थेट मिळतो, डार्करूम गेली, आणि मुख्य म्हणजे चित्र तारेतून बाहेर नेता येतं, तर माणसाने गार घुमटात बसायचं कारणच उरलं नाही, तो शेजारच्या खोलीत आला, हातात चहा आला.

पण काम कमी झालं असं समजू नका, नुसतं सरकलं. सेन्सरची सगळी घरं सारखी नसतात, कोणी जास्त धरतं कोणी कमी, उजेड नसतानाही उष्णतेने थोडे इलेक्ट्रॉन जमतात, काचेवर धुळीचे कण असतात. म्हणून झाकण लावून अंधाराचे फोटो घ्यायचे आणि ते वजा करायचे, एकसारख्या उजेडाचे फोटो घ्यायचे आणि त्याने भागायचं. मोठ्या वेधशाळेत संध्याकाळच्या आकाशाचे किंवा घुमटात लावलेल्या पांढऱ्या पडद्याचे घेतात, आम्ही दुर्बिणीच्या तोंडाला पांढरा टीशर्ट ताणून बांधतो, हसू नका, चालतं ते. वजनकाट्यावर आधी रिकामं पातेलं ठेवून शून्य करतो आपण, तसंच हे.

सीसीडीची एक गंमत मात्र कोणी सांगत नाही, सुरुवातीला ते नखाएवढे होते. पालोमारलाच ४८ इंची श्मिट दुर्बीण आहे, तिने १९४९ पासून १४ इंची काचेच्या प्लेटांवर आख्खं उत्तरेचं आकाश टिपलं, प्लेट पातळ, ती होल्डरमध्ये वाकवून बसवायची, कारण त्या दुर्बिणीचं चित्र सपाट पडतच नाही. एवढ्या मोठ्या काचेची बरोबरी करणारा सिलिकॉनचा कॅमेरा त्याच दुर्बिणीवर कामाला लागला तो २०१८ मध्ये. तोच आरसा, पण तांबड्या उजेडातल्या ज्या प्लेटेला पाऊणएक तास लागायचा तिथे आता ३० सेकंद, आणि एका फोटोत दोनशेहून जास्त पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं आकाश. घुमटात माणूस नाही.

इथे काकांनी मला थांबवलं. "म्हणजे लेथचं सीएनसी झालं." अगदी तेच. लेथवर माणूस टूल धरून उभा असतो, हाताला कंप कळतो, आवाजावरून कळतं की जॉब बिघडतोय. सीएनसीला प्रोग्राम देऊन दार बंद करायचं. कौशल्य गेलं नाही, ते आधी करायच्या विचारात गेलं.

आपल्याकडचंच बघा ना. लडाखला हान्ले म्हणून गाव आहे, तिथे ४५०० मीटर उंचीवर हिमालयन चंद्रा टेलिस्कोप आहे, दोन मीटरचा आरसा. ऑक्सिजन कमी, थंडी भयंकर, म्हणून शास्त्रज्ञ बसतात बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला आणि उपग्रहाच्या लिंकवरून दुर्बीण चालवतात. जागरण तेच, पण जेवण वेळेवर. त्याच हान्लेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, ती पूर्ण रोबोटिक, काय बघायचं याची यादी द्यायची आणि झोपायचं.

आणि जवळचं म्हणाल तर नाशिक-पुणे हायवेने जाताना दोन मोठ्या वेधशाळा लागतात, आपण नारायणगावला मिसळ खाऊन पुढे निघून जातो. एक पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेची गिरवली वेधशाळा, दोन मीटरची. दुसरी खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. तिथे तर डोळ्याचा प्रश्नच येत नाही, रेडिओ लहरी दिसतच नाहीत, दिवसाही काम चालतं, ढगातही चालतं, तिथला प्रकाशप्रदूषणाचा भाऊ म्हणजे मोबाईलचे टॉवर.

मग शास्त्रज्ञ करतात काय? एक म्हणजे अर्ज. दुर्बिणीचा वेळ मागायला प्रपोजल लिहायचं, मला अमुक तारा बघायचाय, का बघायचाय, किती तास, यातून काय कळेल, आणि दुसरे शास्त्रज्ञ ते वाचून नंबर लावतात. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीला एका फेरीत सुमारे २४०० अर्ज आले, हातात असलेल्या वेळेच्या साधारण नऊपट मागणी. पूर्वी रात्री ठरवून मिळायच्या, तीन रात्रींसाठी विमानाने जायचं आणि तिन्ही रात्री ढग असले तर हात हलवत परत. आता बऱ्याच मोठ्या वेधशाळांत रांग असते, आज हवा स्थिर आहे तर हिचं काम करा, आज हवा हलतेय तर त्याचं, ज्याला चालतं त्याचं. ढगांमुळे माणसाची आख्खी वारी फुकट जात नाही. पण स्वतःच्या ताऱ्याचा उजेड येत असताना तिथे हजर असणं, तेही गेलं. सकाळी मेल येतो, डेटा तयार आहे.

दुसरं म्हणजे त्याहून मोठं. आता काही दुर्बिणी कोणाच्या सांगण्यावरून बघतच नाहीत, सगळंच बघतात. चिलीत सेरो पाचोनवर व्हेरा रुबिन वेधशाळा उभी राहिली, जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले, आरसा ८.४ मीटर, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आणि छोट्या मोटारीएवढा. दर तीनचार रात्रींत दिसणारं सगळं आकाश टिपून पुन्हा पहिल्यापासून सुरू, दहा वर्षं. रात्रीला साधारण २० टेराबाइट डेटा. पहिल्या दहाएक तासांच्या फोटोंतच २१०४ नवे लघुग्रह सापडले.

यात युक्ती जुनीच आहे. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉने प्लुटो शोधला तो सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्लेटा एका यंत्रात आलटूनपालटून बघून, तारे जागच्या जागी आणि एकच ठिपका इकडून तिकडे उडी मारणारा. रुबिनचं सॉफ्टवेअर हेच करतं, आजचा फोटो वजा जुना फोटो, जे उरलं ते बदललं, आणि साधारण मिनिटभरात जगाला अलर्ट. असे अलर्ट एका रात्रीत कोटीच्या घरात निघतील असा त्यांचा अंदाज.

एक कोटी! वाचणार कोण? तर मधे सॉफ्टवेअरचे गट बसलेत, त्यांना शब्द काय तर ब्रोकर. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो, कारण डोळ्यासमोर लासलगाव आलं. पहाटेपासून ट्रॉल्यांवर ट्रॉल्या, सगळा माल कोणी चाखून बघत नाही, बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की हा लाल, ही गोल्टी, ह्याला पाणी सुटलंय. तसं हे ब्रोकर अलर्टची प्रतवारी करतात, हा नेहमीचा रूपविकारी, हा लघुग्रह, हा कॅमेऱ्यातला दोष, हा सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा वाटतोय, आणि हा कशातच बसत नाही. शेवटचा ढीग सगळ्यात महाग. कारण स्फोट झाल्यावर पहिल्या तासांत जे दिसतं ते नंतर दिसत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची गुरुत्वीय लहर, म्हणजे त्या धडकेने अवकाशातच उठलेली थरथर, पकडली गेली, खबर गेली, आणि साधारण अकरा तासांनी चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीने तो नवा ठिपका शोधला, मग सत्तरएक वेधशाळा त्यावर तुटून पडल्या. असल्या लहरी पकडायचं यंत्र आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ व्हायचंय, झालं की जागा आणखी नेमकी सांगता येईल.

आता यात माणसाचा डोळा पार निकामी झाला का, तर तेही नाही. २००७ मध्ये गॅलक्सी झू म्हणून प्रकल्प निघाला, दहाएक लाख दीर्घिकांचे फोटो लोकांपुढे टाकले, गोल का चक्राकार एवढंच सांगा. त्यात हॅनी व्हान आर्केल नावाच्या डच शिक्षिकेने विचारलं की हा खालचा निळा डाग काय आहे. कोणालाच माहीत नव्हतं. तो निघाला जवळच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून आलेल्या जुन्या उजेडाने चमकणारा वायूचा प्रचंड ढग. तेव्हा काकांनी डाग म्हटलं म्हणून मी काही त्यांना हसलो नाही.

चिडचिड होते ती दुसऱ्या गोष्टीची. त्या रात्री पोराच्या फोटोंतून रेघा पडलेले चार काढून टाकावे लागले, रेघा उपग्रहांच्या. मे २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह झुंडीने जाताहेत, आता हजारोंनी आहेत, आणि रुबिनसारख्या रुंद नजरेच्या दुर्बिणीला त्यांचा सगळ्यात जास्त त्रास. आणि खाली आपले हॅलोजन. गंगापूर धरणाच्या बाजूला पूर्वी आकाशगंगा बऱ्यापैकी दिसायची, आता तिथून शहराकडे बघितलं तर आकाशाला नारिंगी उकळी आल्यासारखं दिसतं, म्हणून तर हरसूल गाठावं लागतं. पेंचला व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क झालाय, देशातला पहिला, म्हणजे अंधारही आता वाघासारखा राखून ठेवायची वेळ आली.

तीनच्या सुमारास दव पडायला लागलं, माझ्या आयपीसवर धुकं, पोराच्या डब्यात हीटर असल्यामुळे तो निवांत. सामान आवरताना काकांनी विचारलं, "आपला सिंहस्थ गुरूवर चालतो ना? तो तरी डोळ्यांनी दिसतो का, का त्यालाही मोबाईल लागतो?"

म्हटलं, काका, गुरूला सूर्याभोवती फिरायला पावणेबारा वर्षांच्या जरा वर लागतात, म्हणून तर बारा वर्षांनी कुंभ. आणि तो हा बघा, डोक्यावरून पश्चिमेला कललाय, मिथुनेत, आकाशात सगळ्यात ठळक. पुढच्या वर्षाअखेर सिंहेत मघाच्या ताऱ्याजवळ दिसेल, सोसायटीच्या गच्चीवरूनसुद्धा, हॅलोजन असला तरी.

काकांनी मान वर करून बघितला. मग म्हणाले, ते नळकांडं एकदा त्याच्यावर लाव. पुन्हा सगळं सोडून लावलं, आयपीस बनियनला पुसली. चार चंद्र एका ओळीत आणि दोन पट्टे. यावेळी त्यांनी डाग म्हटलं नाही, पण उठायचं नावही घेतलं नाही, आणि आम्ही बाकीचे थंडीत काकडत गाडीपाशी उभे.